मेहरानगढ उभा आहे, म्हणजे तो लढलाच नाही?

दिवाळीनंतर आम्ही जोधपूर-जैसलमेर-बिकानेर करून आलो. जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्याचा एक फोटो, खालून काढलेला, कातळातूनच तटबंदी उगवल्यासारखी दिसते ना तो, शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि गाडीत झोपलो. उठलो तर एकशे बारा मेसेज. सुरुवात एकाने केली, "काय मेंटेन केलाय राव, नाहीतर आपले." त्यावर दुसरा, "वाकले म्हणून वाचले भाऊ, आपले लढले म्हणून पडले." मग तिसऱ्याने मिर्झाराजे काढले, चौथ्याने कुठल्यातरी गडावरच्या बाटल्यांचा ढीग टाकला, पाचवा ग्रुप सोडून गेला. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी राजस्थानला जातं आणि दर हिवाळ्यात हेच भांडण शब्दाला शब्द तेच होतं, आणि त्यात दोन्ही बाजूंना त्या किल्ल्यांशी काही देणंघेणं नसतं हे आता माझ्या लक्षात आलंय.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. किल्ला उभा राहतो का पडतो, याचा शौर्याशी किंवा शरणागतीशी संबंध फार थोडा. पाऊस किती पडतो, आत माणसं राहतात का, आणि डागडुजीचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, यावर ते ठरतं. हे ऐकायला एकदम पीडब्ल्यूडीच्या इंजिनिअरसारखं वाटतं, मान्य, पण आपण पडक्या भिंतीलाच शौर्याचं सर्टिफिकेट समजायला लागलो की ती भिंत दुरुस्त करायची गरजच उरत नाही, आणि मला या भांडणाचा राग येतो तो याच्यासाठी.

आधी 'वाकले' वाल्यांचं जे खरं आहे ते देऊन टाकतो, कारण ते थोडंथोडकं नाही. जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह शाइस्तेखानाच्या प्रकरणानंतर १६६३-६४ मध्ये कोंढाण्याला वेढा घालून बसले होते, हात हलवत परत गेले ती गोष्ट वेगळी. पुरंदर, १६६५, मिर्झाराजे जयसिंह, यावर काय बोलायचं, प्रत्येक मराठी पोराला पाठ आहे. बिकानेरचा जुनागढ तर सरळसरळ मुघल नोकरीच्या काळातला. राजा रायसिंह अकबराचे सेनापती, त्यांनी तो १५८९ ते १५९४ मध्ये बांधून घेतला, तोही सपाट जमिनीवर, डोंगराचा आधार नाही काही नाही. त्यांच्याच घराण्यातले करणसिंह दख्खनच्या सुभ्यात आले आणि औरंगाबादलाच वारले. संभाजीनगरकर नवरात्रात ज्या कर्णपुऱ्याच्या यात्रेला जातात तो कर्णपुरा त्यांच्या नावाचा, आणि शेजारचा पदमपुरा त्यांचा मुलगा पदमसिंह याच्या नावाचा. दुसरा मुलगा अनुपसिंह औरंगजेबाच्या फौजेतून विजापूर-गोवळकोंड्याच्या मोहिमांत होता आणि जाताना दख्खनेतल्या संस्कृत पोथ्या आणि देवाच्या मूर्ती बिकानेरला घेऊन गेला. त्या पोथ्या तिथे आजही सांभाळलेल्या आहेत. लुटून नेल्या म्हणा, वाचवून नेल्या म्हणा, ज्याची त्याची मर्जी, पण इथे राहिल्या असत्या तर आज असत्या का, हा प्रश्न मला बिकानेरमध्ये पडला आणि मी तो कोणाला विचारला नाही.

एवढं सगळं मान्य करूनसुद्धा 'वाकले म्हणून वाचले' हे गणित सुटत नाही. ज्या मेहरानगढच्या फोटोवरून हे सुरू झालं त्याचंच बघा. १४५९ मध्ये राव जोधांनी पाया घातला. १६७८ मध्ये जसवंतसिंह वारले, पुढच्याच वर्षी औरंगजेबाने मारवाड खालसा करून जोधपूर ताब्यात घेतलं, आणि मग दुर्गादास राठोड आणि त्यांचे सरदार जवळजवळ अठ्ठावीस वर्षं वाळवंटात घोड्यावर. अठ्ठावीस वर्षं! १७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर अजितसिंहांनी किल्ला परत घेतला, त्याची आठवण म्हणून फतेह पोल हा दरवाजा आहे, आपण सगळे तिथून फोटो काढत जातो. बरं, हे दुर्गादास मधल्या काळात कुठे होते? औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला घेऊन १६८१ मध्ये ते आले कोणाकडे, तर संभाजी महाराजांकडे. सुधागडाच्या पायथ्याशी, पालीजवळ. कोकणातले पावसाळे काढले त्या मारवाडी माणसाने, घरी पावसाचा थेंब नाही आणि इथे चार-चार महिने अंगावरचं धोतर वाळत नाही. अकबर १६८७ मध्ये इराणला निघून गेला, त्यानंतर दुर्गादास मारवाडला परतले. म्हणजे 'वाकणारे' आणि 'लढणारे' एका पंगतीला बसलेले होते, आणि हे आपल्याच इतिहासातलं पान आहे, राजस्थानच्या नाही. ते आपण वाचलेलं नसतं एवढंच.

उलट बाजूने बघा. चित्तोड वाळवंटातलं नाही, पण वादात येतं म्हणून घेतो. १३०३, १५३५, १५६८, तीन वेळा पडलं, तीन वेळा जौहर, आणि आज आत बरंचसं भग्नावशेष. बघा, लढला म्हणून पडला! पण जैसलमेरचे भाटी राजपूतसुद्धा अडीच साके सांगतात (साका म्हणजे बायकांचा जौहर आणि पुरुषांची मरेपर्यंतची लढाई), म्हणजे दोन पुरते आणि एक अर्धा, ज्यात बायकांना जौहराला वेळ मिळाला नाही म्हणून अर्धा. किल्ला उजाड झाला, पुन्हा वसला, आणि आज आत गॅसवर चहा उकळतोय. फरक कुठे आहे? १५६८ नंतर मेवाडची राजधानी उदयपूरला गेली, आणि १६१५ च्या तहात चित्तोडची डागडुजी करायची नाही असं कलमच होतं. जैसलमेरवाले मात्र उठून परत त्याच टेकडीवर आले. राजधानी हलली की गड मरतो, हे आपल्याला रायगडावरून कळायला हवं होतं.

तरीही पटत नसेल तर मुरुडला जा, होडीत बसा. जंजिरा. कोणी जिंकला? कोणीही नाही. महाराजांना नाही, संभाजी महाराजांना नाही, पेशव्यांना नाही. इंग्रजांनी सुरुंग लावला? नाही लावला, सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत चालू होतं. म्हणजे ग्रुपवरच्या दोन्ही थिअरींप्रमाणे जंजिरा आतून चकचकीत असायला पाहिजे, हरला पण नाही आणि इंग्रजांशी भांडला पण नाही. आत काय आहे? तलाव, तोफा, आणि छप्पर नसलेल्या वाड्यांच्या भिंतीतून बाहेर आलेली झाडं. नवाब किनाऱ्यावरच्या राजवाड्यात गेले, पुढे आतली वस्तीही उठली, वर अरबी समुद्रावरचा पाऊस. तट उभा आहे कारण तो समुद्राच्या लाटा खायलाच बांधलेला, पण घरं गेली. माझं सगळं म्हणणं त्या एका होडीच्या फेरीत बसतं खरं तर, हा लेख नाही वाचला तरी चालेल.

आता १८१८. या एका सालाचं कॅलेंडर कोणीतरी नीट छापून भिंतीवर लावायला पाहिजे. जानेवारीत जोधपूरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला, मार्चमध्ये बिकानेरने, डिसेंबरमध्ये जैसलमेरने. मधे मे महिन्यात कंपनीच्या तोफा रायगडावर आग ओकत होत्या आणि वरचे वाडे जळत होते. त्यानंतर आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या पायऱ्या फोडल्या, दरवाजे उडवले, अलंग-मदन-कुलंगला गेलेल्याला ते तुटलेले टप्पे माहीत असतात, दोर लावूनच वर जावं लागतं. इथे 'लढले म्हणून पडले' वाल्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, मी एक इंचही कापणार नाही. पण राजपुतांनी १८१८ मध्ये धडाधड सह्या का केल्या, हे विचारलं की ग्रुपवर शांतता पसरते. कोणापासून वाचायला? मुघल तोवर दिल्लीत पेन्शनवर होते. पेंढाऱ्यांपासून, आणि आपल्यापासून. शिंदे-होळकरांच्या खंडणीपासून. जयपूरच्या ईश्वरीसिंहांनी १७५० मध्ये होळकरांची फौज दाराशी आल्यावर जीव दिला. १७५५ मध्ये जयाप्पा शिंदे मारवाडच्या विजयसिंहांना नागौरच्या किल्ल्यात कोंडून बसले होते तेव्हा त्यांचा छावणीतच दगा करून खून झाला, आणि त्याच्या बदल्यात मराठ्यांनी अजमेर आणि भलीमोठी खंडणी वसूल केली. मेहरानगढच्या गाइडने मला विचारलं, "कहाँ से?" म्हटलं महाराष्ट्र. तो हसला आणि म्हणाला, "तब तो आपका बहुत पैसा बाकी नहीं है हमारी तरफ, सब ले गए थे." चेष्टेतच म्हणाला, पण रोज कुठल्यातरी मराठी टूरला म्हणत असणार, इतकं घोटलेलं वाक्य होतं.

त्याच गाइडने डेढ कांगरा पोलजवळ भिंतीवरच्या तोफगोळ्यांच्या खुणा दाखवल्या. आमच्यातल्या एका काकांनी लगेच विचारलं, मुघलांच्या का? नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जयपूरवाले चालून आले होते, उदयपूरच्या राजकन्येशी लग्न कोणी करायचं यावरून. राजपुताच्या किल्ल्यावर राजपुताचे गोळे. पुढे लोहा पोलपाशी शेंदूर लावलेले हाताचे ठसे आहेत, सती गेलेल्या राण्यांचे, शेवटचे १८४३ चे, महाराजा मानसिंह वारले तेव्हाचे. बहुतेक लोक तिथे नमस्कार करतात, काही सेल्फी काढतात. मी नुसता उभा राहिलो, ते हात फार लहान आहेत हो, शाळेतल्या पोरींचे असावेत इतके लहान. तिथे उभं राहून 'वाकले' का 'लढले' हा प्रश्न कोणाबद्दल चाललाय तेच कळेनासं होतं.

असो. दुसऱ्या बाजूकडे येतो, 'त्यांनी जपलं, आपल्याला अक्कल नाही' वाली. यातही तथ्य आहे. मेहरानगढचं म्युझियम खरोखर उत्तम आहे, पालख्या, हौदे, लघुचित्रं नीट लावलेली, ऑडिओ गाइड कानाला लावा आणि फिरा, संडास स्वच्छ. आपल्याकडे मोठ्या गडांवर सुट्टीच्या दिवशी बायकांनी जायचं कुठे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण 'त्यांनी' म्हणजे कोणी जपलं? राजस्थानच्या जनतेने? १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी संस्थानिकांचे तनखे बंद केले आणि १९७२ मध्ये माजी महाराजा गजसिंहांनी मेहरानगढचा ट्रस्ट केला. मला तर यात थेट कार्यकारण दिसतं, पेन्शन गेली आणि घर कमावतं करावं लागलं. किल्ला कुटुंबाकडे, तिकिटाचे पैसे ट्रस्टकडे, निर्णय घ्यायला एक टेबल. बिकानेरचा जुनागढही ट्रस्टकडेच. जोधपूरचा उमेदभवन राजवाडा बघा, १९२९ ते १९४३ बांधकाम, दुष्काळी कामं म्हणून हजारो लोक राबले, आज त्याचा एक भाग कुटुंबाचं घर, एक भाग ताजचं हॉटेल, एक भाग म्युझियम. हे मॉडेल राजगडाला कसं लावणार? राजगडाचा माजी महाराजा कोण? तिथे आहे पुरातत्त्व खातं, वन खातं, ग्रामपंचायत, आणि शनिवार-रविवारी स्वतःच्या खर्चाने जाऊन टाक्यातला गाळ काढणारी पोरं. त्या पोरांना 'अक्कल नाही' म्हणणाऱ्याने एकदा पाटी उचलून बघावी.

आणि पाऊस! जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरही धड पडत नाही. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. तिकडचा वाडा अख्खा दगडाचा, जाळीसकट, झरोक्यासकट. आपल्याकडे जोतं दगडाचं आणि वरचे मजले लाकडाचे, सागवानी खांब, त्यावर कौलं. शनिवारवाडा कोणा शत्रूने पाडला नाही, १८२८ मध्ये आग लागली आणि वरचं लाकूडकाम गेलं, राहिलं जोतं आणि तट. आज्ञापत्रात म्हटलंय, 'संपूर्ण राज्याचें सार तें दुर्ग', पण त्या दुर्गात दाणागोटा, पाणी, दारूगोळा, शिबंदी यांची चिंता आहे, रंगमहालाची नाही. झुंबर लटकवायला बांधलेलीच नाही ती जागा. तिथे झुंबर नाही म्हणून रडायचं कशाला?

'त्यांनी जपलं' वाल्यांसाठी माझ्याकडे खरं उत्तर म्हणजे जैसलमेर. ११५६ सालचा किल्ला, रावल जैसलने वसवलेला, पिवळा दगड, नव्व्याण्णव बुरूज, २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा. आत अजून काही हजार माणसं राहतात. हा किल्ला कोणी 'जपला' नाही, हो. तो गरिबीने जपला. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर शहर श्रीमंत झालं, पटवा व्यापाऱ्यांच्या हवेल्या त्या पैशातल्या, मग मुंबई बंदर वाढलं आणि व्यापार समुद्रावर गेला. मुंबईने जैसलमेरला भिकेला लावलं असं म्हणायला हरकत नाही. १९४७ ला पलीकडे सीमाच आली. पाडून नवीन बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, पावसाने पडायला पाऊस नव्हता, म्हणून सगळं जागच्या जागी राहिलं. बायका घडाभर पाणी गडीसर तलावावरून डोक्यावर आणायच्या, आणि डोक्यावर आणलेलं पाणी कोणी सांडत नाही.

मग नळ आले. आणि आपण आलो. आपण म्हणजे मी सुद्धा, मी किल्ल्याच्या आतल्याच एका हॉटेलात उतरलो होतो, झरोक्याची खोली हवी म्हणून हट्टाने. सकाळी सातला बाहेर पडलो तर गल्लीतल्या उघड्या मोरीतून साबणाचं पाणी वाहत होतं, वर फेस, एक गाय त्यात पाय देऊन उभी, आणि भिंतीच्या तळाशी हात लावला तर दगड ओला. वाळवंटात, नोव्हेंबरात, ओला दगड! बोटाला पिवळी पूड आली. ते पाणी माझंच असेल, मी पंधरा मिनिटं गरम शॉवर घेऊन निघालो होतो. त्या टेकडीत दगडाच्या थरांमधे माती आहे, पाणी लागलं की फुगणारी, मुरलेलं पाणी त्या मातीत जातं आणि वरचा बुरूज हळूहळू बाहेर सरकतो. १९९६ मध्येच जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत जैसलमेर लागलं होतं, नंतर गटारांची कामं झाली, तरी ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाचा एक भाग धाडकन खाली आला. खिलजीने केलं नाही ते गीझरने केलं म्हणायचं.

यावर एक मत असं की आतल्या लोकांना बाहेर काढा, किल्ला रिकामा करा, मग तो टिकेल. दिसायला बिनतोड आहे. पाणी वापरणारा माणूसच नसेल तर पाणी मुरणार कुठून? पण रिकामा किल्ला म्हणजे काय ते आपण होडीतून बघून आलोय. गळतं छप्पर पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येतं? जो त्या छपराखाली झोपतो त्याच्या. पुरातत्त्व खात्याचा चौकीदार सहाला घरी जातो. काढायचंच असेल तर आधी आमच्यासारखे काढा, हॉटेलं काढा, एका घरात सहा बाथरूम झालेत ते काढा, आणि घरवाल्यांना गटार नीट द्या. ज्या हॉटेलात उतरलो त्याचा मालक हे ऐकून म्हणाला, "साब, कमरा खाली करके बोलना आसान है." बरोबर बोलला. त्याच्या पोरांची फी माझ्या शॉवरवर भरली जाते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं आणि अजूनही त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. उत्पन्नाचं दुसरं साधन शोधून द्या म्हणणं सोपं, वाळवंटात ते साधन म्हणजे पुन्हा आपणच, फक्त किल्ल्याबाहेर उतरलेले.

हे दूरचं वाटत असेल तर पन्हाळ्याला जा. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशात गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, मीही ठेवलं. त्यात पन्हाळा आहे, आणि पन्हाळ्यावर घरं आहेत, शाळा आहे, हॉटेलं आहेत, झुणका-भाकरीच्या गाड्या आहेत. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे गडावरच्या शिबंदीने, उठाव केला तेव्हा इंग्रजांनी त्याचा चार दरवाजा पाडला, म्हणजे हा लढलेलाही आहे आणि भरलेलाही. यादीत नाव जाण्याआधीच तिथल्या लोकांनी धास्ती घेतली होती की आता आपल्याला उठवणार. त्यांना काय सांगायचं, सांडपाणी कुठे न्यायचं, नवीन मजल्याला परवानगी द्यायची का, तिकीट लावलं तर पैसा गडावर राहणार का मुंबईला जाणार, यावर ग्रुपवर एक मेसेज नाही. परवा मी हे टाकलं. दोन जणांनी अंगठा दिला, तिसऱ्याने विचारलं, "ते ठीक आहे, पण मिर्झाराजेंबद्दल तुझं मत काय?"